वाचकांचे प्रश्न: ब्रँडिंगकडून नायजेरियाच्या आठवणींकडे

मागच्या अंकात मी लागोसमधल्या माझ्या कामाबद्दल थोडक्यात लिहिलं होतं. आधी तिथल्या एका एजन्सीत ब्रँडिंग केलं, आता नायजेरियाचा सांस्कृतिक वारसा आणि तिथल्या लोकांच्या आठवणी यांवर संशोधन करते. त्यावर बरीच पत्रं आली. सगळ्यांना इथे उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काहींना सविस्तर लिहिलंय, काहींना दोन ओळींत.

ताई, मीही पॅकेजिंग आणि लोगोचं काम करते. बरं चाललेलं काम सोडून इतक्या वेगळ्या वाटेला जावंसं का वाटलं? तसं काही खास घडलं होतं का? — एक ब्रँड डिझायनर

एका दिवसात काही घडलं नाही. एक चेहरा मात्र सारखा समोर येत राहिला.

लागोसमध्ये क्लायंटला ‘आपल्या मातीतलं काहीतरी’ हवं असलं की मूडबोर्डवर, म्हणजे कल्पनांची चित्रं लावायच्या फलकावर, सगळ्यात आधी येतो तो राणी इडियाचा मुखवटा. कॅलेंडरवर तो, हॉटेलच्या भिंतीवर तो, टी-शर्टवर, छापील कापडावर, पितळी की-चेनवरही तोच. मूळ मुखवटा हस्तिदंताचा, जेमतेम वीतभर उंचीचा, सोळाव्या शतकातला. बेनिन म्हणजे आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य, शेजारचा बेनिन देश नव्हे; तिथल्या राजाला ओबा म्हणतात. ओबा एसिगी याची आई म्हणजे इडिया. कपाळावर लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या बसवलेल्या आहेत, पापण्या किंचित खाली आहेत, आणि डोक्यावरच्या मुकुटात दाढीवाल्या पोर्तुगीजांची चिमुकली मुंडकी ओळीने कोरली आहेत. फेब्रुवारी 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने बेनिन सिटीवर चाल करून राजवाडा लुटला आणि ओबा ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं. त्या लुटीत हा मुखवटा गेला आणि पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला.

1977 मध्ये लागोसला फेस्टॅक भरला. जगभरच्या आफ्रिकी आणि कृष्णवर्णीय कलांचा महोत्सव होता तो, 15 जानेवारी ते 12 फेब्रुवारी. त्याचं बोधचिन्ह म्हणून हाच मुखवटा निवडला होता. महोत्सवापुरता तरी मूळ मुखवटा द्या, अशी नायजेरियाने मागणी केली. तो फार नाजूक आहे, प्रवास झेपणार नाही, असं सांगून ब्रिटिश म्युझियमने नकार दिला. मग बेनिनमध्येच हस्तिदंताची प्रतिकृती कोरून घेतली गेली. बोधचिन्ह केलं एरहाबोर एमोक्पाए यांनी, आणि त्यातून हा चेहरा घराघरांत गेला. नायजेरियाचं इतकं लोकांच्या ओळखीचं दुसरं चिन्ह मला तरी माहीत नाही. पण ज्यांचं ते चिन्ह, त्यांच्या हातात मूळ वस्तूच नाही!

मी याकडे आधी पाहिलं ते आपल्या धंद्याच्या नजरेनेच. तुम्हाला माहीतच आहे, लोगो लहान आकारात वापरायचा असला की बारकावे काढून टाकावे लागतात. या मुखवट्याचंही तसंच होतं. आधी त्या पोर्तुगीजांच्या दाढ्या जातात, मग चेहरे जातात, आणि शेवटी मुकुटावर नुसती टिंबांची रांग उरते. छापायला सोपं, दिसायलाही छान. पण बेनिनचा समुद्रापलीकडच्या जगाशी झालेला सगळा व्यवहार त्याच टिंबांत आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज आले, त्यांनी मनिला नावाची पितळी कडी चलन म्हणून आणली, ती वितळवून बेनिनच्या ओतारींनी फलक आणि मस्तकं घडवली. दर्याकडून आलेली ही माणसं ओबाच्या वैभवाची खूण म्हणून राणीच्या मुकुटात बसली. मला त्या टिंबांची पुन्हा माणसं झालेली पाहायची होती. आधी रविवारी, मग सुट्टी टाकून, मग कॅम्पेन कमी घेऊन मी हे करत गेले. राजीनामा बराच नंतर दिला.

जाहिरातीत पटवायचं असतं आणि संशोधनात शोधायचं असतं. जुन्या कामातलं काही इथे उपयोगी पडतं, की पाटी कोरी करून बसावं लागतं? — एक निवृत्त प्राध्यापक

सर, पाटी कोरी करू नये असंच मी म्हणेन. जे. डी. ओखाई ओजेइकेरे यांचं उदाहरण देते. नायजेरियातल्या बायकांच्या केशरचनांची त्यांची छायाचित्रं जगभर गाजली. 1968 पासून त्यांनी हे काम हाती घेतलं आणि सुमारे हजार रचना टिपल्या. बहुतेक फोटो पाठीमागून काढलेले. काळ्या दोऱ्याने गुंडाळून उभ्या केलेल्या बटा, कमानीसारख्या वळवलेल्या वेण्या, मागे साधी कोरी पार्श्वभूमी. आणि ही केशरचना टिकणार किती, तर काही आठवडे. हेच ओजेइकेरे 1963 ते 1975 या काळात लागोसच्या वेस्ट आफ्रिका पब्लिसिटी या जाहिरात कंपनीत छायाचित्रकार होते. मला त्या फोटोंत उत्पादनाच्या फोटोची शिस्त स्पष्ट दिसते. सारखा प्रकाश, सारखं अंतर, वस्तूखेरीज दुसरं काही नाही. जाहिरातीतला हात त्यांनी आठवण राखायला लावला.

माझ्या बाबतीत कामी आली ती छपाईची ओळख. लागोसमध्ये शोमोलू नावाचा भाग आहे, तिथे गल्लोगल्ली छापखाने. एकाकडे प्लेट, दुसऱ्याकडे ऑफसेट, तिसऱ्याकडे लॅमिनेशन, पलीकडे नुसतं कटिंग. वीज गेली की सगळ्यांचे जनरेटर एकदम सुरू होतात आणि ओरडूनच बोलावं लागतं. पूर्वी मी तिथे खोक्यांचे नमुने करून घ्यायला जायचे. यंत्रावर आमचं काम चढायची वाट पाहत असताना शेजारच्या टेबलावर नेहमी एकच प्रकारचं काम दिसायचं, अंत्यविधीच्या पुस्तिका.

नायजेरियाच्या दक्षिण भागात घरातलं वयस्कर माणूस गेलं की अशी पुस्तिका छापतात. मुखपृष्ठावर फोटो, जन्म-मृत्यूची सालं, आत प्रार्थना आणि गाण्यांचा क्रम, मुलांची, सुनांची, जावयांची श्रद्धांजली, आणि मधली दोन-तीन पानं जीवनचरित्र. वेशींवर आणि फाटकांवर डकवलेली मृत्यूची पोस्टर वेगळीच. शोमोलूचा माझा जुना छापणारा जास्तीच्या प्रती फेकत नाही, रंग जुळवायला नमुना म्हणून ठेवतो. त्याच्या फळीवर मला या पुस्तिकांची चवड सापडली, आणि माझं संशोधन खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

शाळेतलं नाव, मिशनचं नाव, आईचं माहेर, पहिली नोकरी, बदलीची गावं, चर्चमधली पदवी असं सगळं त्या चरित्रांत असतं. साधी कारकुनी केलेल्या किंवा बाजारात कापड विकलेल्या बाईचं आयुष्य दुसऱ्या कुठल्याच दप्तरात इतकं सविस्तर सापडत नाही. अक्षराचं वळण, कागदाचं वजन, फोटोवर केलेलं रिटचिंग यांवरून पुस्तिका कोणत्या दशकातली हे मला साल न बघता सांगता येतं. कुटुंबाच्या फोटोत सगळ्यांनी एकाच कापडाचे कपडे घातलेले असतात, त्याला तिथे आसो एबी म्हणतात. त्या कापडाचा छाप ओळखता आला तर तो फोटो कोणत्या समारंभातला, हेही कधीकधी कळतं. इतिहास शिकलेल्या माझ्या सहकाऱ्यांची नजर मजकुरावर जाते, माझी आधी छपाईवर. दोघांनी मिळून वाचलं की पुस्तिका पुरती वाचून होते.

सोडावं लागतं ते एकच. ब्रँडच्या कामात आधी एक ओळ ठरते आणि मग सगळं त्या ओळीला जुळवून घेतात. इथे ती सवय घातक आहे. माणसाला भेटण्याआधीच त्याच्या आठवणीचा अर्थ ठरवून ठेवला, तर तो जे सांगेल त्यातलं आपल्या ओळीत बसेल तेवढंच ऐकू येतं.

बियाफ्राच्या युद्धाबद्दल लोक आता मोकळेपणी बोलतात का? तुम्ही त्यांना काय विचारता? — पत्रकारितेची विद्यार्थिनी

आधी दोन शब्द पार्श्वभूमीचे. नायजेरियाच्या पूर्व भागाने बियाफ्रा म्हणून वेगळं होण्याची घोषणा केली, आणि 6 जुलै 1967 ला सुरू झालेलं युद्ध 15 जानेवारी 1970 ला संपलं. उपासमारीने असंख्य माणसं गेली, त्यांत लहान मुलं फार. युद्ध संपल्यावर राष्ट्रप्रमुख जनरल गोवन यांनी ‘कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही’ असं जाहीर केलं. पण बँकेत कितीही पैसे असोत, बियाफ्रातल्या खातेदाराच्या हातावर सरसकट 20 पौंड ठेवले गेले. पुढे शाळांतही काही वर्षं इतिहास हा स्वतंत्र विषय नव्हता. त्यामुळे नातवंडांना हे युद्ध पुस्तकातून कळलं नाही, आणि घरात आजी-आजोबा बोलत नव्हते.

शोमोलूच्या पुस्तिकांत मला हे फार ठळक दिसलं. इग्बो, म्हणजे त्या पूर्व भागातल्या मुख्य समाजाच्या, घरातल्या माणसाचं चरित्र पानभर चाललेलं असतं, शाळा, शिष्यवृत्ती, फुटबॉलचा संघ. मग एक वाक्य येतं, ‘युद्धामुळे त्यांचं शिक्षण खंडित झालं.’ पुढच्या परिच्छेदात 1971 साल आणि नवी नोकरी. तीन वर्षं एका वाक्यात संपवलेली. अशा पुस्तिका एकापुढे एक ठेवल्या की तेच वाक्य, थोड्याफार फरकाने, पुन्हा पुन्हा वाचायला मिळतं.

म्हणून ‘युद्धात काय झालं?’ असं मी कधीच विचारत नाही. त्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर आहे आणि ते त्या एका वाक्याएवढंच लांब असतं. मी वस्तूंबद्दल विचारते. ट्रंकेत तळाला कोणतं कापड आहे, ते कुणी दिलं, शेवटचं कधी नेसलं. बँकेचं जुनं पासबुक आहे का. रेडिओ कुणाच्या घरी होता, रात्री तो ऐकायला कोण कोण जमायचं.

आसाबा हे नायजर नदीच्या पश्चिम काठावरचं गाव. ऑक्टोबर 1967 मध्ये केंद्राचं सैन्य तिथे पोचलं तेव्हा गावकरी आक्वा ओचा हे आपलं पांढरं, हातमागावर विणलेलं मानाचं कापड नेसून, ‘वन नायजेरिया’ म्हणत स्वागताला बाहेर आले. सैनिकांनी पुरुष आणि मुलगे वेगळे काढले आणि शेकडो जणांना गोळ्या घातल्या. त्या गावच्या एका वृद्ध बाईंना मी फक्त आक्वा ओचा कसं विणतात एवढं विचारलं होतं. त्यांनी ट्रंक उघडली, कापड मांडीवर पसरलं, काठावरची विणलेली नक्षी बोटाने दाखवत गेल्या, कुठे धागा उचलायचा, कुठे सोडायचा. मग म्हणाल्या, असंच एक माझ्या भावाच्या अंगावर होतं. त्यानंतरचं मी इथे लिहिणार नाही. ते त्यांच्या घरच्यांचं आहे आणि ते छापायची परवानगी मी मागितलेली नाही.

तुम्ही पत्रकारिता शिकता म्हणून आणखी एक सांगते. जाहिरातीतल्या ‘खऱ्या ग्राहकाच्या मनोगता’त डोळे भरून आले की तो शॉट हमखास राहतो. तिथे मी ते पुष्कळ पाहिलं आहे. आठवणींच्या कामात रडू हे पुराव्याचं किंवा मुलाखत चांगली झाल्याचं लक्षण मानू नका. कुणी ‘राहू दे’ म्हटलं की रेकॉर्डर बंद करा आणि तिथेच बसून राहा, उठून निघून जाऊ नका. इग्बो घरात पाहुण्यासमोर आधी कोला नावाचं कडसर फळबी येतं, घरातलं वडीलधारं माणूस प्रार्थना म्हणतं, मग ते फोडतात. या सगळ्याला वेळ लागतो. तो वेळ मुलाखतीतलाच धरा.

एकाच घरातली माणसं वेगवेगळं सांगतात तेव्हा काय करायचं, असंही तुम्ही लिहिलं आहे. एका कुटुंबात युद्धाच्या वेळी फोटोंची पेटी लपवली होती. थोरला भाऊ म्हणतो, ती परसात उडालाच्या झाडाखाली पुरली. बहीण म्हणते, आईने डोक्यावर घेऊन माहेरी नेली. धाकटा युद्धानंतर जन्मलेला, त्याने पेटीच पाहिली नाही, पण तिच्यात काय काय होतं हे तो सगळ्यांत बारकाईने सांगतो. मी तिन्ही जसंच्या तसं लिहून ठेवलं. खरं कोणाचं हे ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. धाकट्याने न पाहिलेली पेटी इतक्या बारकाव्याने सांगावी, यातच मला त्या घरात मागाहून काय काय बोललं गेलं ते कळतं. युद्धाचं लष्करी अंग पाहायचं असेल तर उमुआहियाला 1985 मध्ये उघडलेलं राष्ट्रीय युद्ध संग्रहालय आहे, तिथे बियाफ्राने स्वतः बनवलेली शस्त्रं ठेवली आहेत. पेट्या आणि ट्रंका मात्र घरांतच आहेत.

बेनिनच्या वस्तू युरोपातून परत येऊ लागल्यावर त्या कुणी ठेवायच्या यावरून तिथेच भांडणं लागली म्हणे. मग परत देऊन काय साधलं? होत्या तिथे सुरक्षित तरी होत्या. — एक वाचक

तुमच्या पत्राचा सूर मला पटलेला नाही, ते स्पष्टच सांगते.

भांडण आहे हे खरं. 2022 मध्ये जर्मनीने 1,100 हून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार केला आणि त्याच डिसेंबरात पहिल्या 20 वस्तू राजधानी अबुजाला पोचवल्या. मार्च 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारींनी जाहीर केलं की या वस्तूंचे मालक बेनिनचे ओबा. त्याआधी संग्रहालय आयोगापासून राज्य सरकारपर्यंत अनेकांनी आपापली गणितं मांडलेली होती. 2025 मध्ये नेदरलँड्सने 119 वस्तू परत केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात बेनिन सिटीतलं वेस्ट आफ्रिकन आर्टचं नवं संग्रहालय, म्हणजे मोवा, उघडण्याच्या बेतात असताना निदर्शक आवारात घुसले आणि कार्यक्रम थांबवावा लागला.

पण चोरीला गेलेला माल परत करताना, घरातली भावंडं गुण्यागोविंदाने नांदतात का, हे बघायचा हक्क नेणाऱ्याला कुणी दिला? वस्तू दूर होती तोवर हा वाद होऊच शकत नव्हता. राजवाड्याचा हक्क मोठा की जनतेचा, घडवणाऱ्या ओतारींचं काय, ज्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं त्यांच्या आजच्या वंशजांचं काय, हे प्रश्न त्या वस्तूंच्या इतिहासातलेच आहेत. ते बेनिनमध्ये, त्या लोकांच्या भाषेत विचारले जाताहेत हे मला फार मोलाचं वाटतं.

सुरक्षिततेचं म्हणाल, तर ब्रिटिश म्युझियमकडे बेनिनच्या 900 हून अधिक वस्तू आहेत आणि त्या कायमच्या परत द्यायला 1963 चा कायदा आड येतो असं ते सांगत आले आहेत. लंडनच्याच हॉर्निमन म्युझियमने मात्र 2022 मध्ये 72 वस्तूंची मालकी नायजेरियाकडे दिली. तेव्हा मार्ग निघतो.

आणि बेनिनमधली कला काही 1897 ला संपली नाही. इगुन स्ट्रीटवर ओतारींचा संघ आजही काम करतो. मातीचा गाभा, त्यावर मेणाची बारीक नक्षी, वरून पुन्हा मातीचा लेप, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओततात. पितळ कुठून येतं, तर जुने नळ, गाड्यांचे सुटे भाग अशा भंगारातून. तिथल्या एका वयस्क ओताऱ्याने मला सांगितलं की त्याने आपल्या आजोबांच्या पिढीचं काम फोटोतच पाहिलंय, आणि फोटोत मागची बाजू दिसत नाही. ओतकाम आतून किती पातळ आहे, दुरुस्ती कुठे केली, हे मागूनच कळतं. नोव्हेंबर 2022 पासून डिजिटल बेनिन या संकेतस्थळावर जगभरच्या शंभराहून अधिक संस्थांमधल्या पाच हजारांवर वस्तू एकत्र पाहता येतात. ते उत्तम काम आहे. तरी त्या ओताऱ्याला हवी आहे ती वस्तू हातात घेऊन उलटी करण्याची मुभा.

तुम्ही मराठी. नायजेरियाच्या आठवणी जमवायचा अधिकार तुम्हाला कसा? रागावू नका. — नाव देऊ इच्छित नाही

रागावले नाही. हा प्रश्न मला तिथेही विचारला गेलाय आणि विचारलाच पाहिजे.

मी एकटी काही करत नाही. मुलाखत त्या त्या भाषेतली सहकारी घेते, मी छापील वस्तू आणि कापड बघते. रेकॉर्डिंगची एक प्रत त्या कुटुंबाकडे राहते, आणि त्यांनी काढून टाका म्हटलेलं काढून टाकलं जातं. कुठलीही जुनी वस्तू मी विकत घेत नाही, भेट म्हणूनही घेत नाही. पुरावस्तू सरकारच्या संग्रहालय आयोगाच्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे, आणि तो कायदा नसता तरी मी नेली नसती.

एका गोष्टीत मात्र माझं परकेपण उपयोगी पडलं. नायजर नदीच्या मुखाशी राहणाऱ्या कालाबारी लोकांच्या मानाच्या कापडांत भारतातून गेलेलं चौकटीचं मद्रासी कापड आहे. ते त्याला इंजिरी म्हणतात. त्यांच्या बायका त्यातले ठरावीक रंगांचे धागे ब्लेडने कापून ओढून काढतात आणि मूळ चौकटीतून नवीच जाळीदार नक्षी काढतात, तिला पेलेते बिते म्हणतात. कापड भारताचं, नक्षी पूर्णपणे त्यांची. जन्मल्या बाळापासून अंत्यविधीपर्यंत हे कापड लागतं. मी भारतातली म्हटल्यावर तिथल्या बायकांनी उलट मलाच प्रश्न विचारले. आता पूर्वीसारखं घट्ट विणीचं का येत नाही, रंग का जातो? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, उरलेलं विचारून कळवलं. त्या दिवशी मुलाखत त्यांनी माझी घेतली.

पैशांचं काय? आणि पदवी लागते का? — तीन-चार वाचकांचा हाच प्रश्न

पैसे कमी होतात, बरेच कमी. मी अजून अधूनमधून ब्रँडची कामं घेते, फक्त वारशाच्या नावावर काही विकायचं असेल ते घेत नाही. अनुदानं मिळतात पण ती विषयाला मिळतात, घरभाड्याला नाही. वर्षभराचा खर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका.

पदवीवाचून सुरुवात करता येते, पुढे अडतं. दप्तरखान्यात बसायला संस्थेचं पत्र लागतं, आणि मुलाखतींसाठी नैतिक परवानगीची रीत शिकावी लागते. इबादान विद्यापीठात आफ्रिकन स्टडीजची संस्था आहे आणि राष्ट्रीय दप्तरखान्याची इबादान शाखाही त्याच आवारात आहे. एनुगु आणि कादुना इथेही शाखा आहेत. पूर्व भागावर काम असेल तर एनुगुला गेल्याशिवाय भागत नाही.

ताई, नोकरीनिमित्त पुढच्या वर्षी लागोसला येतोय. संशोधक नाही, पण हौस आहे. कुठून सुरुवात करू? — तुमचा नियमित वाचक

लागोसच्या ओनिकान भागापासून. तिथलं राष्ट्रीय संग्रहालय 1957 मध्ये सुरू झालं. 13 फेब्रुवारी 1976 ला राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांची ज्या गाडीत हत्या झाली, ती काळी मर्सिडीज गोळ्यांच्या भोकांसह तिथे ठेवली आहे. तिच्याशेजारी थोडा वेळ उभे राहा आणि इतर लोक एकमेकांना काय सांगतात ते ऐका. जवळच योरुबा, म्हणजे लागोसच्या बाजूच्या मुख्य समाजाच्या, संस्कृतीचं जॉन रँडल केंद्र आहे, जानेवारी 2023 मध्ये झालेलं. मांडणी बघायला डिझायनरांनी तर आवर्जून जावं.

मग लागोस बेटावर कँपोस चौकाच्या आसपास चालत फिरा. ब्राझीलमधून गुलामी संपवून परतलेल्यांनी वसवलेला हा भाग, त्याला पोपो अगुडा म्हणतात. कमानी, गिलाव्यातली फुलं, लाकडी झडपा अजून काही घरांवर आहेत. टिनुबू चौकातलं इलोजो बार हे त्यांतलं फार देखणं घर होतं, 1855 मध्ये बांधलेलं, 1956 मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरलेलं. सप्टेंबर 2016 मध्ये ते पाडून टाकलं. स्मारकाचा दर्जा असूनही पडलं, म्हणून म्हणते, जी घरं उभी आहेत त्यांच्यात राहणाऱ्यांशी आधी बोला. फोटो काढण्याआधी विचारा. वयाने मोठ्या माणसाला योरुबात वाकून नमस्कार करतात, तुम्हीही करा.

एक दिवस लागोसच्या उत्तरेला असलेल्या अबेओकुटा शहराच्या इतोकू बाजारासाठी ठेवा. तिथे निळीत रंगवलेलं आदिरे कापड मिळतं. काही कापडांवर कसावा नावाच्या कंदाच्या खळीने नक्षी काढतात, काहींवर राफिया ताडाच्या धाग्याने गाठी बांधतात. ‘इबादानदुन’ नावाची नक्षी दिसली तर तिच्यातले खांब बघा, ते इबादानच्या मापो हॉलचे आहेत आणि त्यांच्या मध्ये चमचे काढलेले असतात. विकणाऱ्या बाईला विचारा, चमचे का? प्रत्येकीचं उत्तर वेगळं असेल. सगळी लिहून घ्या. वहीत तारीख, गाव आणि कोणत्या भाषेत बोलणं झालं ते टाका, नंतर आठवत नाही. नाव लिहायचं की नाही ते तिलाच विचारा. आणि लागोसला पोचलात की मासिकाच्या पत्त्यावर कळवा, शोमोलूला मी घेऊन जाईन.